मुशीचं तेल प्यालेला पियानो

अहो, बाबलाच्या बाबा,

आत तुमच्या पियानोवर हातोडा पडतोय. मी बाहेर पडवीत बसलेय आणि माझा हात लटलटतोय. म्हणून अक्षर असं कुर्लीच्या पायांसारखं वाकडंतिकडं आलंय. हसू नका. चौथीपर्यंतच्या शाळेत जेवढं बसलं तेवढं हे अक्षर.

मी आत होते हो! पण प्रत्येक ठोक्याला माझ्या तोंडातून “हळू!” निघायचं. शेवटी रेवतीने मला दंडाला धरून बाहेर आणलं. आपली रेवती, बाबलाची लेक. तुम्ही गेलात तेव्हा फ्रॉकच्या खिशात शिंपले भरून आणायची ती. आता माझ्यापेक्षा हातभर उंच झालीय. म्हणते कशी, “आजी, तू हळू म्हणतंस आणि आंतोनकाकांचो हात हलता. तू भायर बस.”

“भायर बसान काय करू? माका धडधडता!”

“आजोबांक पत्र लिही. तुका काय सांगूचा आसात ता सगळा तेंका सांग.”

आणि आपल्याकडे आता पैसे देऊन पाहुणे उतरतात, त्यांच्या जेवणाच्या यादीचे पाठकोरे कागद आणि पेन माझ्या मांडीवर टाकून गेली. म्हणजे बघा, तुम्हाला पत्र लिहायला मला आता नातीने बसवावं लागलं! तुम्ही होतात तेव्हा तरी मी कधी लिहिलं? शेजारणींचे घोव मुंबईला. त्यांना पत्रं यायची, त्या वाचून घ्यायच्या, रडायच्या. माझा घोव घराशेजारच्या मांगरात होड्या ठोकत बसलेला. त्याला काय लिहिणार? ‘जेवायला या’ एवढं तर ओरडूनही कळतं.

ठण्ण! ऐकलंत? हा त्याचाच आवाज. देवा रे.

पहिल्यापासून सांगते, म्हणजे मला भीती कसली ते कळेल. पियानो कसा आला ते तुम्हाला माहीत आहे, तरी सांगते, कारण ते सांगताना मला बरं वाटतं.

वालावलच्या खाडीकाठी त्या म्हाताऱ्या बाईंचा बंगला होता. सगळे त्यांना मिस म्हणायचे. तुम्ही त्यांच्या जिन्याच्या पायऱ्या बदलायला गेलात आणि परत आलात ते डोळे मोठे करून. “जानके, आज एक कपाट बघलंय. भुतूर सगळ्यो तारोच तारो. आणि फळये कसले! असा लाकूड मी होडयेक पण वापरलंय नाय.” मग मिस आपल्या लेकीकडे कायमच्या जायला निघाल्या, आणि एवढं धूड नेणार कोण, म्हणून त्यांनी ते तुम्हाला देऊन टाकलं. तुम्ही काय केलंत? दोन होड्या एकमेकींना बांधल्या, वर फळ्या टाकल्या आणि सुकतीच्या, ओहोटीच्या पाण्यावर कर्ली नदीतून ते कपाट तारकर्लीला घेऊन आलात!

मी किनाऱ्यावर उभी. एका बाजूला होडी जरा कलली की आत काहीतरी ‘घुंऽ’ करायचं. जणू गाय हंबरतेय. आणि तुम्ही मधोमध उभे राहून माझ्याकडे हात हलवताय. “अहो, दोन हातांनी धरा!” मी ओरडत होते. तुम्ही गावभर मला भित्री भागूबाई करून ठेवलंत ते त्या दिवसापासून. पण मी विचारते, खाडीच्या मध्यावर पियानो बघून जी बाई घाबरणार नाही, ती बाई कसली?

वाजवता तुम्हाला येत नव्हतं, मला येत नव्हतं, बाबलाला त्यात रस नव्हता. शेजारची पोरं त्याला वाजणारं कपाट म्हणायची. तुम्ही एका बोटाने कुठूनही दाबायचात आणि डोळे मिटून ऐकत बसायचात. आवाज थांबेस्तोवर. मी म्हणायचे, भात निवतोय. तुम्ही म्हणायचात, थांब, अजून वाजता.

आणि तुमची माया! ती मायाच नडली, अहो. आज तुम्हाला बोलणारच आहे मी.

होडीला दरवर्षी मुशी माशाचं तेल द्यायचात ना, खारा वारा लाकूड खाऊ नये म्हणून? तसंच तुम्ही पियानोला दिलंत. बाहेरून चोळलंत ते चोळलंत. पण वरचं झाकण उघडून, जिथे त्या सगळ्या तारा खुंट्यांना गुंडाळलेल्या असतात, तिथे प्रत्येक खुंटीच्या मुळाशी तुम्ही पिसाने तेल सोडायचात. एकही चुकवायची नाही! मी म्हटलं होतं, “अहो, घराक वास मारता.” तर तुम्ही म्हणालात, “होडयेक वास मारता म्हणान कोण होडी सुकवता? ह्यां पण लाकूडच मा?”

लाकूडच, पण पाण्यात जायचं लाकूड नव्हे, अहो!

आंतोन गोव्याचा. पियानो दुरुस्त करतो. पोटावर शर्टाची बटणं लागत नाहीत, पण बोटं अशी नाजूक की मोगरा ओवेल. रेवतीनेच त्याला शोधून आणला. त्याने झाकण उघडलं, डोकं आत घातलं आणि तसंच बाहेर काढून मला विचारतो, “आजी, हातूंत नुस्त्याचो वास कित्याक येता?” मासळीचा वास, पियानोत!

मी म्हटलं, “माझ्या घोवाक विचार.”

“खंय आसा तो?”

मी वर बोट केलं. बिचाऱ्याने कपाळाला, छातीला हात लावून क्रूस केला आणि मग पुन्हा डोकं आत घालून हसायला लागला. आवरेचना त्याला. मीही हसले. रेवतीही हसली. पण हसून झाल्यावर त्याने जे सांगितलं, त्याने माझी झोप गेली.

त्याने मला समजावलं ते असं. प्रत्येक तार खुंटीला गुंडाळून ताणलेली असते. खुंटी एका जाड फळीत रुतलेली असते. तिला ना नट, ना चुका. लाकूड नुसतं आवळून धरतं, बस. पैलवानाने मनगट धरावं तसं. आणि सगळ्या तारा मिळून एवढी ओढ घेतात की भरलेला ट्रक हलेल. आता त्या लाकडाच्या हाताला तुम्ही तेल लावून ठेवलंत! खुंट्या निसटायला लागल्या. तो चावीने फिरवून सूर लावायचा, हात काढला की खुंटी आपली मागे येऊन बसायची. पुन्हा लावायचा, पुन्हा मागे.

आधी त्याने गोंद घालून बघितला. पाण्यासारखा पातळ असतो तो, खुंटीच्या मुळाशी थेंब सोडला की लाकडात मुरतो आणि खुंटीला धरतो म्हणे. आपल्या फळीत मुरायला जागाच नव्हती. तुमचं तेल आधीच जाऊन पथारी पसरून बसलेलं.

मग एकच उपाय उरला. सैल खुंट्या काढायच्या, भोकं स्पिरिटने धुवायची, जितकं तेल निघेल तितकं काढायचं आणि त्याच भोकात जरा जाड खुंट्या हातोड्याने ठोकून बसवायच्या. “पूण फळी पोरणी, आजी,” आंतोन म्हणाला. “फुटली जाल्यार म्हज्या हातांत कांय ना.”

तुम्ही होड्या बांधलेला माणूस. जुन्या फळीत जाड खिळा घातला की काय होतं ते मी तुम्हाला सांगायला नको. एका भोकापासून दुसऱ्या भोकापर्यंत, दुसऱ्यापासून तिसऱ्यापर्यंत. कडाड् करून.

आणि फुटली तर? तर रविवारी टेम्पो येणार.

हे तुम्हाला सांगायलाच हवं. बाबलाला ती खोली पाहुण्यांसाठी हवी आहे. मे महिन्यात तारकर्लीत पाय ठेवायला जागा नसते, ते खरं. त्याने गोव्याच्या एका माणसाला बोलावून पियानो दाखवला. त्या माणसाने आतलं सगळं मोजलं, तारा काढून टाकायच्या म्हणाला, मध्ये कप्पे करायचे, बाटल्या ठेवायच्या. हॉटेलात दारूचं कपाट! तुमच्या पियानोचं! मी त्या दिवशी जेवले नाही. शेवटी रेवती बापाशी भांडली. ठरलं असं, की आंतोनने सूर धरून दाखवला तर पियानो राहील, फळी फुटली तर जाईल.

माझा बाबल वाईट नाही हो. पण त्या खोलीत तो पाऊल टाकत नाही. काही हवं असलं तर दारातून हात लांब करतो, नाहीतर मला पाठवतो. मला वाटायचं, बापाची आठवण याला नकोशी झाली असेल. वाटायचं, पण मी बोलले नाही.

आज सकाळी आंतोनने हत्यारं मांडली तेव्हा मी म्हटलं, थांबा, आधी देवाला गाऱ्हाणं घालू. खरं तर घरच्या कर्त्या पुरुषाने घालायचं. पण बाबल सकाळीच पाहुण्यांना घेऊन होडीवर गेलेला. मग मीच नारळ ठेवला, पदर डोक्यावर घेतला आणि घातलं.

“बा देवा, बारा गावच्या, बारा वैवाटीच्या म्हाराजा! आज ह्या चेडवान आणि ह्या गोंयकारान जा काम हातात घेतलेला आसा, ता बऱ्यान पार पाड रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” रेवती.

“फळी फुटाक देव नको, तार तुटाक देव नको, कोणाच्या डोळ्याक इजा होऊक देव नको रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” ह्या वेळी आंतोनही! डोळे मिटून, हात जोडून, सगळ्यात मोठ्याने. वर मला म्हणतो, “आजी, आमचो पाद्री इतकी बरी प्रार्थना करिना.”

आणि मग दोघांनी डोळ्यांवर चष्मे चढवले. कसले ते सांगते आणि हसा. बाबल पाहुण्यांना समुद्रात मासे दाखवायला नेतो, तेव्हाचे ते काचेचे, नाकासकट झाकणारे. तार तुटली तर डोळा जाऊ नये म्हणून रेवतीची युक्ती. पियानोपुढे दोघं अशी बसली, जणू आता आतच बुडी मारणार.

ठण्ण. ठण्ण. अजून फळी धरून आहे वाटतं.

आता तुम्हाला ती गोष्ट सांगू? जी मी कोणालाच सांगितली नाही. तुम्हाला माहीत असणारच, म्हणून सांगायला लाज वाटते.

तुमचं तेरावं झालं, पाव्हणे पांगले. दुपारची वेळ, मी सुपात तांदूळ घेऊन बसले होते. घरात कोणी नाही. आणि त्या खोलीतून आवाज आला. ‘टंव्ऽ’. जाड, खालचा आवाज. मी सूप टाकून अंगणात पळाले. तुळशीला धरून उभी राहिले. तांदूळ सगळे उधळले. मग माझ्या लक्षात आलं. मांगरात काम करताना तुम्हाला चहा हवा असला की तुम्ही हाक मारायचा नाहीत, लाकडावर एक ठोका द्यायचात. मी अंगणातूनच विचारलं, “काय ओ?” आणि आत जाऊन चहा ठेवला. दोन कप. दोन्ही मीच प्याले, ते सोडा.

तेव्हापासून कधी आठवड्याने, कधी महिन्याने तो आवाज यायचा. शिमग्यानंतर हवा कोरडी झाली की जास्त. मी म्हणायचे, “आलंय, आलंय.” आणि मग भीती गेली. म्हणजे तुमच्या आवाजाची गेली, बाकी सगळ्याची राहिली.

म्हणून मी इथे बसून कापतेय, कळलं? फळी फुटली तर तुम्ही टेम्पोत बसून गोव्याला जाल, लोकांच्या बाटल्या सांभाळायला. आणि फळी धरली, खुंट्या घट्ट बसल्या, तर? सैल होतं म्हणून वाजत होतं, असं असेल तर? मी आंतोनला विचारलेलं नाही. विचारायची भीती वाटते. देवाला काय मागू तेच कळत नाही, आणि गाऱ्हाणं तर घालून बसले!

थांबा, आत काहीतरी

जेवणं झाल्यावर पुन्हा लिहायला बसलेय. मघाशी कागद तसाच टाकून पळाले. माझं काळीज अजून ठिकाणावर नाही, पण क्रमाने सांगते.

आतून असा आवाज आला की मला वाटलं फुटली! सगळा पियानो ओरडला. मी धावले. रेवती भिंतीला टेकून उभी, एक हात चष्म्यावर. तार तुटली होती. वरच्या बारीक तारांतली एक, खुंटीवर चढवताना. तिचं टोक सटकन येऊन रेवतीच्या चष्म्याच्या काचेवर बसलं होतं. काचेवर ही एवढी चीर! डोळ्यासमोरच. तो चष्मा नसता तर, अहो? नसता तर?

मी तिला पोटाशी धरलं. ती म्हणतेय, “आजी, माका काय झाला नाय.” आणि मी ओरडतेय, “बंद करा! रे आंतोना, ठेव तो हातोडो! होवंदे तेचा दारूचा कपाट! माका नको, माझा चेडू माका होया!”

आणि तेवढ्यात दारात बाबल.

होडी लावून तो नुकताच अंगणात आला होता. हातात वल्हं तसंच. तोंड चुन्यासारखं पांढरं. उंबऱ्याच्या बाहेर उभा राहून त्याने रेवतीकडे बघितलं नाही, आंतोनकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, “आये, परत वाजला?”

“परत म्हंजे?”

तो वल्ह्याचं टोक जमिनीत रुतवत राहिला. तो लहानपणी फोडलेलं मडकं लपवताना करायचा ना, अगदी तसं.

“बाबल, परत म्हंजे काय रे?”

मग तो बोलला. मी तुम्हाला जसंच्या तसं सांगते, कारण हे तुमच्यासाठीच आहे.

“बाबा गेले आणि मी तेंचो मांगर मोडलंय. पाव्हण्यांक खोल्ये बांधूक. गवंड्यान पयलो दगड ठेवलो आणि हय आवाज इलो. मोठो. कोणी हात लावलो नाय, काय नाय. माका वाटला बाबा रागान बोलले. तेच्यानंतर कितीदा ऐकलंय, आये. रात्री नाय, दिसाढवळ्या. मी ह्या खोलयेत येवक भितंय. तां घरात रवला तर बाबा माका सोडूचे नाय असा वाटता.”

खोली हवी होती हे खरंच, अहो. पण खोलीपेक्षा त्याला तुम्ही नको होतात. म्हणजे रागावलेले तुम्ही.

बायको आणि मुलगा, एकाच घरात, एकच आवाज ऐकत होतो! मी धावत जाऊन चहा ठेवत होते, आणि तो वल्हं घेऊन समुद्रावर पळत होता. एवढा बाप्या माणूस, लाटेवर होडी उभी करणारा, आपल्याच घरात एका खोलीला भीत होता आणि मला माहीत नव्हतं. मला हसू आलं आणि रडू आलं आणि दोन्ही एकदम आलं. रेवती म्हणाली, “आजी, श्वास घे.”

मी बाबलाला चहाची गोष्ट सांगितली.

मग आंतोन खाकरला. इतका वेळ तो चष्मा कपाळावर सरकवून खाली बघत होता. म्हणाला, “बाबलबाब, हांगा यो.” बाबल येईना. मी त्याचा हात धरला. पन्नाशीला आलेल्या लेकाचा हात धरून मी त्याला उंबरा ओलांडायला लावला, पहिल्या दिवशी शाळेत नेल्यासारखा. तळवा थंडगार होता.

आंतोनने डाव्या टोकाची एक जाड तार दाखवली, तांब्याने मढवलेली. तिच्या खुंटीला चावी नाही लावली, नुसतं बोटांनी धरून फिरवलं. खुंटी फिरली, आणि तार बोलली. ‘टंव्ऽ’.

तोच आवाज. तोच हो! मी स्टुलावरच बसले.

“तेल ह्या खुंटयेक सगळ्यांत चड,” आंतोन म्हणाला. “हवा बदलता, लाकूड सुकता, खुंटी निसरता. तार सुस्कारो सोडता. दुसरें कांय ना.”

दुसरं काय नाही! मला त्याचा राग आला, खोटं कशाला बोलू. एवढ्या दिवसांचा माझा चहा, माझं “आलंय आलंय”, सगळं खुंटीला! पण त्याच वेळी मी बाबलाकडे बघितलं. त्याचे खांदे, अहो, खांदे खाली आले. बाजारातून आणलेली गोणी उतरवावी तसे. तो म्हणाला, “म्हंजे बाबा नाय?” आणि लगेच, अगदी बारीक आवाजात, “म्हंजे रागावले नाय?”

मी म्हटलं, “तुझो बापूस आयुष्यात कधी कोणावर रागावलो? मांगर मोडलंस तर मोडलंस. तेच्याच लाकडांचे वासे तुझ्या खोल्यांक आसत मा?”

बरोबर सांगितलं ना? तुमच्या वतीने सांगितलं. चुकलं असेल तर आता माझ्याशी बोला, त्याच्याशी नको.

तुटलेल्या तारेच्या जागी आंतोनने नवी चढवली. बाकी सगळ्या खुंट्या आधीच बसल्या होत्या. ती जाड तारेची एकच उरली. आंतोनने मला विचारलं, “आजी, ही मारूं, काय अशीच दवरूं? एक सैल उरली म्हणून पियानो मरचो ना.”

सगळे माझ्याकडे बघत होते. रेवतीला कळलं होतं, तिचे डोळे भरले होते. ती म्हणाली, “आजी, ऱ्हवंदे ती. एकच मा?” पण बाबलाने माझा हात अजून धरलेला होता, आणि त्याचा हात थंडच होता. खुंटी आहे हे डोक्याला कळतं. पण उद्या दुपारी घरात एकटा असताना ‘टंव्ऽ’ झालं तर डोक्याला कोण विचारतं?

मला इतकी भीती कधी वाटली नव्हती. खाडीवर पियानो तरंगत होता तेव्हा नाही. तुम्हाला खाटेवरून खाली घेतलं तेव्हासुद्धा नाही, कारण तेव्हा मला वाटत होतं, हा माणूस कुठे जाणार, इथेच कुठेतरी असेल. आणि होतात तुम्ही. त्या खुंटीत का होईना, होतात.

मी बाबलाच्या हातात बॅटरी दिली. म्हटलं, “उजेड धर. नीट धर.” आणि आंतोनला म्हटलं, “मार.”

त्याने जुनी खुंटी काढली. तिच्या भोकातून तेलाचा वास आला, इतका, की मला तुम्ही दारात उभे आहात असं वाटलं. बंडी घातलेले, हाताला काळं. भोक पुसलं, पुन्हा पुसलं. नवी खुंटी ठेवली. मी ह्या वेळी बाहेर गेले नाही आणि “हळू” म्हटलं नाही. पदराचा बोळा तोंडात धरला होता. पहिला ठोका पडला. फळीने ‘कर्र’ केलं आणि आंतोनचा हात हवेतच थांबला. त्याने कान लावला. बोट फिरवून बघितलं. मग दुसरा ठोका, मग तिसरा. बाबलाच्या हातातला उजेड थरथरत होता, पण खुंटीवरच होता.

बसली.

तार चढवून त्याने चावीने सूर लावला आणि हात काढला. आम्ही सगळे त्या खुंटीकडे टक लावून, जणू ती आता पळणार. नाही हलली. रेवतीने पट्टी दाबली. एवढा स्वच्छ आवाज आला, अहो! तुम्ही कधी ऐकला नसेल, कारण तुम्ही ऐकलात तो तेलातला. मग तिने दोन्ही हातांनी वाजवायला घेतलं आणि मी टाळ्या पिटल्या. काय वाजवलं ते मला विचारू नका. पोरीची बोटं अशी पळत होती, ओहोटीच्या वाळूत खेकडे पळतात तशी! डोळा शाबूत, बोटं शाबूत, पियानो शाबूत. मला किती आनंद झाला म्हणून सांगू! बाबलाने तिथेच उभं राहून गोव्याच्या माणसाला फोन केला. “टेम्पो धाडू नको. आमका तो होयो आसा.”

आंतोन म्हणतो, एवढ्यावर भरवसा ठेवू नका. पाऊस सरेपर्यंत फळी काय करते ते बघू. तो आणखी दोनदा येऊन सूर लावेल. रोज कोणीतरी वाजवत राहा म्हणतो, आणि तेलाची बाटली ह्या घरातून बाहेर काढा. ते दुसरं त्याने मला हात जोडून सांगितलं.

सगळी गेली आता. आंतोन गेला, रेवती त्याला सोडायला स्टँडवर गेली, बाबल आत झोपलाय. कुठे झोपलाय माहीत आहे? त्या खोलीत. जमिनीवर, पियानोला पाय लावून. घोरतोय.

आणि मी इथे बसून कान देऊन आहे. दुपार कलली. हवा कोरडी आहे. अशा वेळी यायचा तुमचा आवाज. नाही आला. येणार नाही, मला माहीत आहे. तरी कान जातो. आता ‘काय ओ’ कोणाला म्हणू? दुपार केवढी मोठी असते, ते मला आज कळलं. तुम्ही एवढं तेल सोडलंत, जाताना बायकोला काहीतरी सांगून ठेवायचं तरी सुचलं नाही तुम्हाला?

बरं, रागावत नाही. ऐका, शब्द देते.

रेवती जूनमध्ये कोल्हापूरला शिकायला जाईल. मग ते रोज वाजवणार कोण? मी. तुळशीकडे दिवा ठेवला की हात पुसून त्या स्टुलावर बसेन आणि जिने ती डावीकडची जाड तार वाजते ती पट्टी दाबीन. बाकी काही आलं तर आलं, रेवती म्हणते, एक ओळ शिकवीन. माझी बोटं मासे साफ करून वाकलेली, पण पट्टी खाली जाते, आज मी हळूच बघितलं. आवाज घरभर जाईल, अंगणात जाईल, बाबल जिथे असेल तिथे जाईल. आणि तो दचकणार नाही. त्याला कळेल, आई आहे.

मी पट्टी दाबली आणि तुमच्याकडून काहीच आलं नाही, तर काय, ही भीती आहेच. ती कुठे जाणार? पण आवाज थांबेस्तोवर मी उठणार नाही. भात निवला तरी.

तुमची,
जानकी